पेशींचा आकडा आणि वार पडल्यानंतरची वेळ

पावसाळा सरत आला की चोपडा, यावल, शिरपूरकडे डेंग्यू-मलेरियाचा ताप डोकं वर काढतो. गरोदर बाईच्या हातात लॅबचा कागद पडतो: प्लेटलेट ९० हजार. 'पेशी कमी झाल्या' एवढं ऐकताच सासर-माहेर दोन्ही हादरतं. कुणी पपईच्या पानांचा रस काढतं, कुणी किवी शोधत फिरतं.

हा आकडा एकट्याने वाचायचा नसतो. एरवी प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असतात. दिवस भरत आले की शंभरात पाच ते दहा जणींच्या त्या दीड लाखाखाली उतरतात. बहुतेकींना त्याचा त्रास होत नाही आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत आकडा आपोआप वर येतो. कधी पेशी मुळात कमी नसतातच. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या रसायनामुळे त्या एकमेकींना चिकटतात आणि मशीनला मोजता येत नाहीत. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली पाहिला की ते गठ्ठे दिसतात. ही साधी तपासणी झाल्याशिवाय कुणालाही घाबरवू नये, असं मला ठामपणे वाटतं.

बीपी वाढलंय, उजव्या बरगडीखाली दुखतंय, उलट्या होताहेत आणि पेशी झपाट्याने उतरताहेत, तर मात्र तासाचाही उशीर नको.

बाळंतपणातलं रक्त मुख्यतः थांबवतं ते गर्भाशय. वार पडली की त्याचे स्नायू आवळतात आणि उघड्या रक्तवाहिन्या दाबून बंद करतात. पोटावर हात ठेवला तर ते कडक लागायला हवं. मऊ लागलं, तर पेशी तीन लाख असूनही बाई धोक्यात असते. अतिरक्तस्रावाचं सर्वांत मोठं कारण हेच. प्लेटलेटची खरी गरज जखमेला लागते: सिझरचा छेद, टाके, फाटलेला भाग. म्हणून सिझरसाठी साधारण ५० हजार, तर कमरेतल्या भुलीसाठी ७० हजारांच्या वर पेशी असाव्यात असं डॉक्टर पाहतात.

प्लेटलेटची पिशवी फ्रिजमध्ये ठेवत नाहीत. २० ते २४ अंशांत, सतत हलवत, ती जेमतेम ५ दिवस टिकते. त्यामुळे जिच्या पेशी फारच कमी आहेत, तिला कळा सुरू झाल्यावर गाडीत घालण्यापेक्षा आधीच जळगाव-धुळ्याच्या मोठ्या रुग्णालयात नेणं शहाणपणाचं.

रक्त किती गेलं, हे कापडाकडे बघून नीट कळत नाही. मराठी मुलखाला लागून असलेल्या बेळगावात यावर मोलाचं काम झालं. बाळंतिणीखाली घालायची, मापाच्या रेघा असलेली प्लास्टिकची पिशवी तिथल्या संशोधनात वापरली गेली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात १६२० बाळंतपणं होती. नर्सबाईंनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्यावर अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. पुढे आफ्रिकेतल्या चार देशांत अशीच पिशवी आणि लगेच एकत्रित उपचार वापरले. २०२३च्या निष्कर्षांनुसार गंभीर रक्तस्रावाचा धोका ६० टक्क्यांनी घटला.

सातपुड्याच्या पायथ्याच्या प्रत्येक प्रसूतिगृहात ही पिशवी हवी. गर्भाशय आवळायला लावणारं ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत राहील असा फ्रिज हवा, तोही मे महिन्यात वीज गेल्यावर चालणारा. आणि रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हाताशी हवं, कारण बाळंतपणानंतर तीन तास उलटले की त्याचा उपयोग उरत नाही.