कपाटातला मनोरा

ऑगस्टमध्ये शिकायला अमेरिकेला निघालेल्यांच्या बॅगेत कुकर असतो, मसाले असतात, लोणचंही असतं. तिथल्या भाड्याच्या घरात वॉशरच्या डोक्यावर बसलेला ड्रायर कसा सांभाळायचा, हे मात्र कुणी सांगत नाही.

दरवर्षी जून-जुलैमध्ये अमेरिकेला निघालेल्या मुलामुलींचे व्हॉट्सॲप ग्रुप तयार होतात. कुकर तीन लिटरचा न्यावा की पाचचा, गोडा मसाला चेक-इन बॅगेत चालतो का, यावर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खल चालतो. आमच्याही ग्रुपवर चालला. कपडे कसे धुणार, असं एकीनेही विचारलं नाही. घराच्या जाहिरातीत ‘घरातच वॉशर-ड्रायर’ असं लिहिलं होतं ना, मग झालं तर!

टेक्सासमधल्या त्या घरात आम्ही चौघी. पहिल्या रविवारी पॅसेजमधलं घडीचं दार सरकवलं, तर आत मनोराच उभा. खाली समोरून दार उघडणारं वॉशिंग मशीन, आणि त्याच्या डोक्यावर तेवढाच मोठा दुसरा डबा, म्हणजे ड्रायर. बाहेर रणरणतं ऊन आणि आम्ही कपाटात कपडे वाळवणार! पण बाल्कनीत दोरी बांधून कपडे वाळत घालायचे नाहीत, असं आमच्या लीजमध्ये लिहिलेलं होतं. तिथे बऱ्याच ठिकाणी असंच असतं. मला हा नियम तेव्हाही मूर्खपणाचा वाटला आणि आजही वाटतो. असो.

एकावर एक रचायचं कारण साधं आहे : जागा. वॉशर खाली, कारण तो जड असतो, त्यात पाणी भरतं आणि पिळताना तो थरथरतो. काही घरांत दोन्ही मिळून एकच सलग यंत्र असतं, बटणांची पट्टीही एकच. काही घरांत दोन वेगळी यंत्रं पट्ट्यांनी एकमेकांना जखडलेली असतात. आमचं दुसऱ्या प्रकारचं होतं.

सप्टेंबरपर्यंत सगळं छान चाललं. मग जीन्सचा खिसा ओलसर राहायला लागला. मग कमरेची पट्टी. ऑक्टोबरच्या मध्यावर एका घाण्याला ड्रायरचे तीन फेरे लागायला लागले. मशीन म्हातारं झालंय, असं आमचं एकमत झालं. विजेचं बिल वाढलं तेव्हा कोण जास्त कपडे टाकतं यावरून दोघींचं बोलणं बंद झालं. आणि एके रात्री ड्रम नेहमीसारखा फिरत राहिला, पण आत हात घातला तर गारेगार.

शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या एका सीनियर ताईला फोन केला. तिने मशीनबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाली, “अगं, बाहेर जाऊन भिंतीपाशी वारा येतोय का, बघितलंस?”

कसला वारा, हे कळायला ड्रायर काय करतो ते कळायला हवं. तो कपडे नुसते भाजत नाही. खोलीतली हवा आत ओढतो, तापवतो, फिरणाऱ्या ओल्या कपड्यांमधून नेतो आणि दमट झालेली हवा जाड पाईपमधून घराबाहेर फेकतो. गच्चीवर कपडे घालताना आई म्हणते ना, ऊन नसलं तरी चालेल, वारा आहे, तीच गोष्ट. वाऱ्याची वाट अडली की उष्णता कितीही असो, वाफ तिथेच घुटमळते आणि कपडे दमट राहतात.

वाट अडवते ती लिंट. लिंट म्हणजे कपड्यांतून सुटलेले बारीक तंतू, त्यात आपले केस आणि धूळ. पिंजलेल्या राखाडी कापसासारखी दिसते. ड्रायरच्या दारात किंवा वरच्या खाचेत एक जाळी असते, ती बाहेर काढून दर घाण्याआधी बोटांनी पुसायची. आठवड्यातून एकदा नव्हे, दर घाण्याआधी. आम्ही ती ‘आठवेल तेव्हा’ पुसत होतो. शिवाय कपडे मऊ व्हावेत म्हणून सुगंधी ड्रायर शीट टाकत होतो. त्या शीटचा मेणचट थर जाळीवर बसतो आणि डोळ्यांना दिसतही नाही. ताईने जाळी नळाखाली धरायला सांगितली. पाणी आरपार जायला हवं होतं, ते थाळीत साचावं तसं वर थांबलं! साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने घासली आणि पूर्ण वाळवून परत बसवली.

पण जाळी सगळी लिंट पकडत नाही. उरलेली मागच्या पाईपमध्ये जाते. हा पाईप चार इंच व्यासाचा, बाहेरच्या भिंतीपर्यंत गेलेला, आणि तिथे एक झडप असते. ड्रायर चालू असताना ती वाऱ्याने उघडायला हवी. आमचं घर तळमजल्यावर, त्यामुळे मोबाइलचा टॉर्च घेऊन रात्रीच बघून आलो. झडप मिटलेली. हात लावला तर वाऱ्याची झुळूकही नाही.

तिथल्या बांधकामाच्या प्रचलित नियमांत या पाईपची लांबी साधारण ३५ फुटांपर्यंत धरतात आणि काटकोनाच्या प्रत्येक वळणाला त्यातले पाच फूट वजा करतात. प्रत्येक वळण वाऱ्याला महागात पडतं, म्हणून. मनोरा भिंतीला चिकटवून कोंबला की मागचा पाईप चेपतो आणि कुणालाच दिसत नाही, कारण मागे बघायला जागाच नसते. पाईप धातूचा, आतून गुळगुळीत हवा. प्लास्टिकचा किंवा चांदीच्या कागदासारखा चुरगळणारा पाईप दिसला तर तो बदलून मागा. त्याच्या घड्यांमध्ये लिंट साठते, आणि लिंट चटकन पेट घेते.

पेटण्याची गोष्ट घाबरवायला सांगत नाहीये. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळाचा हिशेब मांडला होता. घरगुती ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत होत्या, आणि त्यांत पहिल्या क्रमांकाचं कारण होतं साफसफाई न करणं : ३४ टक्के. म्हणूनच ड्रायर लावून क्लासला जाऊ नका, की झोपायलाही जाऊ नका. आणि तो चालू असताना कपाटाचं दार उघडं ठेवा. आत ओढायला हवाच नसेल तर तो बाहेर काय फेकणार?

आता गार पडलेल्या ड्रायरकडे येऊ. तिथली साधी सॉकेट १२० व्होल्टची असतात, पण विजेवरच्या मोठ्या ड्रायरला २४० व्होल्ट लागतात. त्यासाठी पॅनेलमध्ये जोडून बसवलेला दुहेरी ब्रेकर असतो. त्यातल्या एका बाजूचा पुरवठा गेला तर मोटर फिरत राहते, पण हीटर तापत नाही. त्यामुळे ड्रम फिरतोय पण ऊब नाही, असं झालं की आधी पॅनेल उघडा. ब्रेकर पूर्ण बंद करून मगच चालू करा, कारण अर्धवट पडलेला खटका नुसता वर ढकलून बसत नाही. हे एकदाच करायचं. पुन्हा पडला तर तिथेच थांबायचं.

आमचा ब्रेकर शाबूत होता. उडाला होता आतला थर्मल फ्यूज. वाट तुंबून आत जास्त उष्णता साठली की हा चिमुकला भाग स्वतः जळून यंत्र वाचवतो. काही मॉडेल्समध्ये तो गेला की फक्त हीटर बंद पडतो, काहींत ड्रायर सुरूच होत नाही. तो पुन्हा वापरता येत नाही, बदलावाच लागतो. इंटरनेटवर त्याला वळसा घालून तारा जोडून दाखवणारे महाभाग सापडतात. त्यांच्या नादी लागू नका. आणि तुंबलेला पाईप तसाच ठेवून नवा फ्यूज टाकला तर तोही उडणार.

इथे आपलं काम संपतं. पूर्ण आकाराचा ड्रायर ५० किलोच्या आसपास असतो, कधी त्याहून जास्त, आणि तो डोक्याच्या उंचीवर बसलाय. मनोरा पुढे ओढायला दोन जाणती माणसं लागतात. ड्रायर गॅसवरचा असेल तर मागे गॅसची नळीही असते, तिला धक्का लागता कामा नये. गॅसचा वास आला तर एकही बटण न दाबता आधी घराबाहेर पडायचं, फोन नंतर.

मेन्टेनन्सची तक्रार आम्ही आधी ‘ड्रायर चालत नाही’ एवढीच टाकली होती. आठवडाभर कुणी फिरकलं नाही. मग ताईने नव्याने लिहायला लावली : ड्रम फिरतो, उष्णता नाही, ब्रेकर तपासला, जाळी धुतली, बाहेरची झडप उघडत नाही, आग लागण्याची भीती वाटते. सोबत झडपेचा व्हिडिओ आणि दाराच्या आतल्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर. दुसऱ्या दिवशी दोघे जण हजर! त्यांनी मनोरा ओढला तर पाईप मागे सपाट चेपलेला, आणि आतून निघालेल्या लिंटने कचऱ्याची एक पिशवी भरली. आमच्या आधीच्या किती बॅचेसचे टॉवेल त्यात होते, कोण जाणे. पैसे आम्हाला पडले नाहीत, कारण लीजप्रमाणे जाळी आमच्याकडे आणि पाईप मालकाकडे होता. तुमच्या लीजमध्ये काय आहे ते सही करण्याआधी वाचा, आणि घरात शिरतानाच मनोऱ्याचे फोटो काढून ठेवा. डिपॉझिट परत मागताना ते उपयोगी पडतात.

वॉशरचे नखरे त्या मानाने कमी, आणि ते इथल्या फ्रंटलोडलाही लागू आहेत. फेस म्हणजे स्वच्छता, हे आपल्या डोक्यात लहानपणापासून बसलंय. समोरून उघडणारं मशीन पाणी कमी घेतं, त्यामुळे जास्त फेस निघतच नाही. तो कपड्यांत आणि ड्रममध्ये राहतो आणि चार दिवसांनी कुबट वास मारतो. तिथे ‘एचई’ लिहिलेलं, कमी फेसाचं डिटर्जंट घ्यायचं, आणि नेहमीच्या घाण्याला दोन टेबलस्पून पुरे. झाकणभर ओतायचं नाही. धुणं झालं की दाराभोवतीच्या रबराच्या घडीतलं पाणी फडक्याने पुसायचं आणि दार किलकिलं ठेवायचं. आमच्यापैकी एकजण रोज ते ‘नीट’ लावून टाकायची. तिला समजावण्यात एक सेमिस्टर गेलं.

पिळताना मनोरा धडधडायला लागला तर बहुतेक वेळा आत एकटीच जड वस्तू असते, बाथमॅट किंवा ब्लँकेट. ती पाणी पिऊन एका बाजूला बसते, आणि खालची थरथर वरच्या टोकाला आणखी जोरात जाणवते. मशीन थांबवून सोबत दोन टॉवेल टाका. तरीही धडधडलं तर पाय समतल नाहीत. ते काम पुन्हा मेन्टेनन्सवाल्यांचं.

पाणी बाहेर जात नसेल तर दार कुलूपबंद राहतं, ते ओढून उघडू नका. बऱ्याच मशीनमध्ये खाली कोपऱ्यात एक छोटी झडप असते, तिच्यामागे पंपाचा फिल्टर. मशीन बंद करा, पाणी कढत असेल तर निवू द्या, पसरट ताट आणि जुना टॉवेल ठेवा, मगच फिल्टर हळूहळू फिरवा. आमच्या फिल्टरमधून तीन क्वार्टर, केसांच्या दोन पिना, बिलाचा लगदा आणि भारतातून आलेलं एक रुपयाचं नाणं निघालं. ते नाणं कुणाचं, यावर अजून वाद आहे.

मग दिवाळी आली. पहाटे पाचला चौघींनी तेल-उटणं लावून अंघोळी केल्या आणि तेलकट टॉवेलांचा ढीग ड्रायरपाशी नेला. दाराच्या आतला इशारा तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला : तेल लागलेले कपडे यात वाळवू नका. धुतल्यावरही तंतूंमध्ये थोडं तेल राहतं. गरम झालेल्या तेलाचा हवेशी संयोग होऊन आणखी उष्णता तयार होते, आणि कपडे तसेच ढीग करून ठेवले तर ती आत कोंडून कापड आपोआप पेटू शकतं. प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी ड्रायर काही मिनिटं नुसताच, उष्णतेशिवाय फिरतो, तो कपडे निवावेत म्हणून. घाईत आम्ही नेमकी तीच मिनिटं कापत होतो.

टॉवेल गरम पाण्यात धुतले आणि जेवणाच्या टेबलाभोवतीच्या चार खुर्च्यांवर पसरले. फराळ त्या दिवशी जमिनीवर बसून केला.