जुन्या ॲल्युमिनियम बोटीला तांब्याचा धोका
अमेरिकेतील तळ्यांवर मासेमारीसाठी ॲल्युमिनियमच्या छोट्या बोटी सर्रास वापरल्या जातात. अशी जुनी बोट दुरुस्त करताना आधी तिच्यात थोडे पाणी भरतात; फार नको, वजनाने पत्रा वाकतो. बाहेरून जेथे थेंब झिरपेल, तेथील रिव्हेट सैल झालेला असतो. तो पुन्हा ठोकून घट्ट करता येतो. खरी चूक पुढे होते. कुजलेल्या फळ्यांच्या जागी कीड लागू नये म्हणून तांबेयुक्त रसायन मुरवलेले प्लायवूड बसवले जाते. ओलाव्यात या तांब्यामुळे ॲल्युमिनियमचे क्षरण होऊन पत्र्याला बारीक छिद्रे पडतात, तीही फळीखाली, नजरेआड. तळाला दिलेला तांबेयुक्त रंगही तितकाच घातक. त्याऐवजी मरीन प्लायवूड सर्व बाजूंनी, विशेषतः कापलेल्या कडांना, इपॉक्सी लावून बसवणे इष्ट ठरते.