जुन्या कॉमिक्सला एवढी किंमत का?

10 सेंटचं एक कॉमिक 2014 मध्ये 32 लाख डॉलरला विकलं गेलं. मुलांना हे सांगितलं की लगेच प्रश्न येतो, "का?"

ते कॉमिक म्हणजे अमेरिकेत 1938 साली निघालेला 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक. सुपरमॅन यातच पहिल्यांदा आला. बॅटमॅन, वंडर वुमन त्याच्या मागोमाग आले. संग्राहक या काळाला 'सुवर्णयुग' म्हणतात.

पण नुसतं 'पहिलं' असणं पुरत नाही. मुलांनी हे अंक वाचून वाचून फाडले. दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करायच्या मोहिमेत कितीतरी अंक रद्दीत गेले. उरले अगदी थोडे.

याउलट 1991 चा 'एक्स-मेन'चा पहिला अंक बघा. 80 लाखांच्या वर प्रती निघाल्या. पुढे भाव येईल म्हणून अनेकांनी जपून ठेवल्या. पण इतक्या जणांनी जपल्यावर दुर्मीळ कशा होणार? साधी प्रत आजही स्वस्तात मिळते.

मागणी जास्त, वस्तू कमी, की किंमत वाढते. हे चौथीच्या मुलांनाही पटतं. आणि आपण काय घ्यायचं? कॉमिक कपाटात कोंडू नका, मुलांच्या हातात द्या. वाचून फाटलेलं पुस्तक वाया गेलेलं नसतं.