बाईकवर गॅजेट बसवताय? आधी बेरीज करा!

टूरिंग बाईकवर चार्जर, फॉग लाईट, स्पीकर बसवायचं काम सुरू करताय? मग आधी माझी चूक ऐका.

सुरुवातीला एका गिऱ्हाईकाचे फॉग लाईट मी थेट बॅटरीला जोडले. महाबळेश्वरला मुक्कामी ते बंद करायचे राहिले. सकाळी बॅटरी डाऊन! मी मजुरी परत दिली, पण गिऱ्हाईक काही परत आलं नाही.

तेव्हापासून दुकानात तीन नियम:

1. आधी बेरीज. 20 वॅटचे दोन लाईट आणि 18 वॅटचा चार्जर, झाले 58 वॅट. भागिले 12 व्होल्ट, म्हणजे जवळपास 5 अँपिअर. बाईकला एवढा जादा लोड झेपेल का, ते बघूनच हो म्हणा.

2. लाईन रिलेवरून घ्या. चावी बंद की सगळं बंद. फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळच लावा.

3. कंपनीचं वायरिंग कापू नका, वॉरंटीचा वाद होतो. कपलर वापरा.

स्पीकर मागितला तर हेल्मेटचा ब्लूटूथ इंटरकॉम सुचवा. त्याची बॅटरी स्वतःची, बाईकवर लोड नाही.

आणि बिलात रिले, फ्यूज, फिटिंग वेगवेगळं लिहा. माल ऑनलाईन स्वस्त मिळतोच हो, गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं ते भरवशाच्या फिटिंगसाठी. भेटू पुढच्या व्हिडिओत!