माणसं पोचली, पलटण मागेच

'वेकफील्ड' या अमेरिकी सैनिकवाहू जहाजाची थोरवी सांगताना 2,17,237 हा आकडा हमखास पुढे केला जातो. एप्रिल 1944 ते फेब्रुवारी 1946 या काळात त्याने 1,10,563 सैनिक युरोपात पोचवले आणि 1,06,674 माणसं अमेरिकेत परत आणली, त्यांची ही बेरीज. बोस्टन ते लिव्हरपूल या खेपा इतक्या नेमाने होत की खलाशी आपल्या जहाजाला 'बोस्टन-लिव्हरपूल फेरी' म्हणू लागले होते. आकडा खोटा नाही. पण सैनिकवाहू जहाज नेमकं काय करू शकतं आणि काय नाही, हे समजून घ्यायचं तर या हिशेबात न बसलेल्या 1941-42 च्या एका खेपेकडे पाहावं लागतं. त्या खेपेत जहाजाने आपलं काम चोख केलं, आणि तरीही ज्यासाठी ते केलं ते पार फसलं.

जहाज मुळात हौसेच्या प्रवाशांचं. 'मॅनहॅटन' या नावाने ते 1931 साली पाण्यात उतरलं. 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकला निघालेला अमेरिकी संघ, जेसी ओवेन्ससह, याच जहाजाने गेला. जून 1941 मध्ये नौदलाने ते ताब्यात घेतलं, जॉर्ज वॉशिंग्टनच्या जन्मस्थानाचं नाव त्याला दिलं आणि ते चालवायला तटरक्षक दलाची माणसं नेमली. शांततेच्या काळात सुमारे बाराशे उतारूंची सोय असलेल्या या जहाजात त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात सहा हजारांच्या आसपास ब्रिटिश सैनिक चढले. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती. तरी चर्चिलच्या विनंतीवरून रूझवेल्टने जहाजं दिली, आणि वीस हजारांवर ब्रिटिश सैनिकांचा ताफा अमेरिकी युद्धनौकांच्या पहाऱ्यात निघाला. तटस्थपणाचा अर्थ इतका ताणलेला क्वचितच आढळेल!

हे सैनिक होते ब्रिटनच्या 18 व्या डिव्हिजनचे, बहुतेक इंग्लंडच्या पूर्व भागातले, नॉरफक, सफक, केंब्रिजशायर इकडचे. त्यांना पाठवायचं होतं मध्यपूर्वेत. 10 नोव्हेंबरला ताफा निघाला तेव्हा जपानशी युद्ध सुरू व्हायचं होतं. 9 डिसेंबरला तो केपटाउनला पोचला तोवर पर्ल हार्बरवर हल्ला होऊन गेला होता आणि मलायाच्या किनाऱ्यावर जपानी फौजा उतरल्या होत्या. 'वेकफील्ड'वरचे सैनिक 27 डिसेंबरला मुंबईत उतरले. डिव्हिजनच्या काही तुकड्यांचा जानेवारी अहमदनगरच्या छावणीत सरावात गेला. कित्येक आठवडे बोटीवर आखडलेले पाय मोकळे झाले असतील. पण नगरच्या कोरड्या, उघड्या माळावर मलायातल्या रबराच्या बागांची आणि दलदलीची लढाई कशी शिकणार? 29 जानेवारी 1942 रोजी 'वेकफील्ड' आणि 'वेस्ट पॉइंट' ही जहाजं सिंगापूरला लागली. बरोबर सतरा दिवसांनी, 15 फेब्रुवारीला, सिंगापूर शरण गेलं आणि डिव्हिजन कैदेत गेली. तिच्यातल्या कित्येकांच्या नशिबी पुढे सयाम-ब्रह्मदेश रेल्वेची वेठ आली.

यावर कोणी म्हणेल, यात जहाजाचा काय दोष? अर्थातच नाही, जहाज कप्तानाच्या हुकमाने चालतं आणि कप्तान वरच्यांच्या. पण इथे प्रश्न दोषाचा नसून जहाजाच्या कुवतीचा आहे. विसाव्या शतकातली पलटण म्हणजे माणसं अधिक तोफा, गाड्या, दारूगोळा आणि त्या मुलखाची सवय. वेगवान प्रवासी जहाजात यातलं पहिलंच काय ते बसतं. बाकीचं संथ मालवाहू जहाजांतून, आपल्या वेळेने येतं. याच डिव्हिजनची 53 वी ब्रिगेड 'माउंट व्हर्नन' या जहाजातून 13 जानेवारीलाच सिंगापूरला पोचली होती. तोफा आणि गाड्या तिच्यासोबत नव्हत्या, तरी थोड्याच दिवसांत तिला जोहोरच्या आघाडीवर ढकलण्यात आलं. 5 फेब्रुवारीला 'एम्प्रेस ऑफ एशिया' हे जुनं, कोळशावर चालणारं जहाज सिंगापूरच्या तोंडाशी बाँबहल्ल्यात पेटलं, तेव्हा त्यावरची बहुतेक माणसं वाचली, पण शस्त्रं आणि सामान गेलं. माणसं मोजणाऱ्या हिशेबात ही हानी लहान दिसेल. लढणाऱ्याच्या हिशेबात ती मोठी होती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सामानसुमानासह सगळी डिव्हिजन आली असती तरी सिंगापूर कुठे वाचणार होतं? बहुधा नसतंच वाचलं. आकाश आणि समुद्र दोन्ही जपान्यांच्या हाती गेले होते. पण या आक्षेपाने मुद्दा ढिला न होता उलट घट्टच होतो. माणसं झपाट्याने पोचवता येतात, एवढ्यावरूनच ती पाठवण्याचा मोह होतो. जहाज वेगवान नसतं, तर तो निर्णय पुन्हा एकदा तपासला गेला असता.

जहाज फक्त माणसं पोचवतं, हे पुढची कहाणीही सांगते. सिंगापूरच्या धक्क्यावर 30 जानेवारीला बाँब पडून 'वेकफील्ड'वरची पाच माणसं गेली. तरी बायकामुलांना घेऊन ते निघालं, कोलंबोत दुरुस्ती मिळेना म्हणून मुंबईला आलं आणि इथे तात्पुरती डागडुजी करून घेतली. त्याच वर्षी 3 सप्टेंबरला अटलांटिकमध्ये त्याला आग लागली. माणसं सगळी वाचली, जहाजाचा मात्र सांगाडा उरला. बोस्टनमध्ये ते जवळजवळ नव्याने बांधलं गेलं आणि फेब्रुवारी 1944 मध्ये नौदलात परतलं. मग ती 'फेरी' यशस्वी का झाली? जहाज तेच, वेगही साधारण तोच. फरक पलीकडच्या बंदरात होता. लिव्हरपूलला उतरणाऱ्या सैनिकाच्या आधी मालवाहू जहाजांनी रणगाडे, तोफा, इंधन यांचे ढीग ब्रिटनमध्ये रचून ठेवले होते. त्याने फक्त पाठपिशवी घेऊन उतरायचं होतं. उलट्या दिशेला तर तेवढंही नको होतं. परतीच्या 1,06,674 जणांत जखमी होते, युद्धकैदी होते, घरी निघालेले शिपाई होते. आणि सिंगापूरहून निघालेल्या त्या बायकामुलांसारखंच त्यांनाही जहाजाकडून एवढंच हवं होतं, की त्याने इथून उचलावं आणि तिथे सोडावं.