कुरवांच्या नावांची अडीचशे वर्षं

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला किंवा गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या लाँचच्या मागे हिवाळ्यात पांढऱ्या पक्ष्यांचा थवा लागतो. लोक त्यांना सरसकट सीगल म्हणतात, पुस्तकं कुरव म्हणतात. गाठिया उडवणाऱ्याचं काम तेवढ्यावर भागतं. पण त्या थव्यात दोन जाती मिसळलेल्या असू शकतात, आणि त्यांच्या नावांवर विश्वास ठेवला तर माणूस हमखास फसतो.

पहिल्या जातीला लिनियसनं 1766 मध्ये ‘रिडिबुंडस’ म्हटलं, म्हणजे हसणारा. हे नाव कानानं दिलेलं आहे. पक्षी खरोखरच खिदळल्यासारखा ओरडतो. दुसरीचं नाव 1840 मध्ये थॉमस जेर्डननं ठेवलं. मद्रास इलाख्याच्या सैन्यातला हा डॉक्टर पक्षी मात्र डोळ्यांनी पाहणारा, म्हणून त्यानं दिलेलं नाव ‘ब्रुनिसेफालस’, तपकिरी डोक्याचा. पुढे इंग्रजीत पहिला काळ्या डोक्याचा ठरला, दुसरा तपकिरी डोक्याचा राहिला, आणि मराठीनंही तेच उचललं. गंमत अशी, की विणीच्या काळात दोघांचीही डोकी तपकिरीच असतात. ‘काळ्या’चं उलट अधिक गडद, चॉकलेटी. शिवाय आपल्याकडे हे येतात हिवाळ्यात. तेव्हा दोघांचीही डोकी पांढरी आणि कानामागे एक काळसर डाग. मार्च-एप्रिलमध्ये परतीच्या आधी रंग चढू लागतो, तेवढीच काय ती नावाची लाज राखली जाते.

फरक आहे तो पंखांत. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या बाहेरच्या पंखाची पुढची कड पांढरी पाचरीसारखी चमकते आणि काळा रंग फक्त पिसांच्या टोकांना असतो. तपकिरी डोक्याच्याचं पंखाचं टोक चांगलंच काळं, आणि त्यात प्रौढ पक्ष्याला दोन पांढरे ठिपके. त्याची चणही जरा दांडगी, बुबुळ फिकट. काळ्या डोक्याच्याचा डोळा गडद. पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लांना ते पांढरे ठिपके नसतात, त्यामुळे तिथे पुन्हा गोंधळ. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांवर वीण करून समुद्रावर उतरतो. पंखावरून नाव ठेवलं असतं तर बरं झालं असतं, पण जेर्डनला विचारणार कोण?

हसण्याचा मान आणखी एकाला मिळाला आहे. पीटर सायमन पाल्लासनं 1811 मध्ये कॅस्पियन कुरवाला ‘काकिनान्स’ नाव दिलं, त्याचाही अर्थ मोठ्यानं हसणारा. त्याआधी 1773 मध्ये त्यानंच एका थोराड कुरवाला ‘इक्थिएटस’, म्हणजे मत्स्यगरुड म्हटलं. गरुडाशी त्याचं काही नातं नाही, पण लहान कुरवांच्या घोळक्यात तो उभा राहिला की पाल्लासला काय म्हणायचं होतं ते कळतं. ओळखायलाही हाच सगळ्यांत सोपा.

खरी डोकेदुखी आहे ती त्याच्या इतर मोठ्या भाईबंदांची. पाठीचा करडा रंग किती गडद, पाय पिवळे की गुलाबी, यावरच सगळी मदार. त्यातून पिल्लाला प्रौढ रूप येईपर्यंत साधारण चार वर्षं जातात आणि दरवर्षी त्याचा वेश बदलतो. अर्न्स्ट मायरनं 1942 मध्ये यांनाच उत्क्रांतीचा नमुना म्हणून पुढे केलं. उत्तर ध्रुवाभोवती या कुरवांची साखळी आहे, शेजारची कडी शेजारच्या कडीशी जुळते, पण दोन्ही टोकं युरोपात भेटतात तेव्हा ती वेगळ्या जातींसारखी वागतात. कल्पना इतकी देखणी, की पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांत राहिली. 2004 मध्ये लीबर्स, डी क्नैफ आणि हेल्बिग यांनी डीएनए तपासला. साखळी वर्तुळ पूर्ण करतच नव्हती. पूर्वज दोन ठिकाणचे निघाले, एक उत्तर अटलांटिकचा, दुसरा अरल-कॅस्पियन भागातला. देखण्या कल्पनेचं असं होणं मला तरी वाईट वाटत नाही. किनाऱ्यावर पक्षी बघणाऱ्यांना ती कधीच फारशी उपयोगी नव्हती.

पुढच्याच वर्षी लहान कुरवांनाही ‘लारुस’ या प्रजातीतून बाहेर काढायचं सुचवलं गेलं. आता ते ‘क्रोइकोसेफालस’ आहेत, म्हणजे रंगीत डोक्याचे. पुन्हा डोकंच.

सुरयांचं, म्हणजे टर्न पक्ष्यांचं, प्रकरण त्या मानानं सरळ. मोठ्या तुरेवाल्या सुरयाची चोच हिरवट पिवळी, लहान्याची नारिंगी. मोठ्याच्या नावात केप प्रांतातला संग्राहक बर्गियस आहे, लहान्याच्या नावात बंगाल.

मोठ्या कुरवांकडे परत यायचं, तर आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात उतरणारा गडद पाठीचा कुरव बहुधा ‘ह्युग्लिनी’ असतो. हे नाव 1876 चं, जर्मन प्रवासी थिओडोर फॉन ह्युग्लिनच्या नावावरून. त्याचा फिकट भाऊ ‘बाराबेन्सिस’, सैबेरियातल्या बाराबा गवताळ प्रदेशावरून. ओळखीची मदार अशी पाठीच्या रंगावर असल्यानं जुन्या नोंदींत हेरिंग गल म्हणून लिहिलेल्या मोठ्या कुरवांकडे आज जपून पाहावं लागतं. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ‘ह्युग्लिनी’ आणि ‘बाराबेन्सिस’ हे दोघेही आता ‘लेसर ब्लॅक-बॅक्ड गल’च्या पोटात, कंसात आपापलं नाव घेऊन बसले आहेत. पाठीच्या रंगाची खात्री नसेल, तर कंसात काही लिहू नये. पंख पसरल्याचा एक स्वच्छ फोटो असेल, तर प्रयत्न करून पाहायला हरकत नाही.