लुआरकाठच्या वाइन (५) : साक्यावरची मस्काडे

सान्सेरवर लिहीन असं कबूल केलं होतं, पण सान्सेरला आठवडाभर थांबावं लागेल. रत्नागिरीच्या एका वाचकाचा प्रश्न मला सोडवत नाही. ते विचारतात, ‘वाइन वेळेवर साक्यावरून काढून घ्यावी लागते, असं तुम्हीच लिहिलंत. मग मस्काडेच्या बाटलीवर “सुर ली”, म्हणजे साक्यावर ठेवलेली, असं मिरवत का छापतात? आणि आमच्या कालवांबरोबर ती जाईल का?’

आधी साका. रस आंबून झाला की यीस्टच्या मेलेल्या पेशी तळाशी बसतात आणि बहुतेक ठिकाणी वरची वाइन दुसऱ्या टाकीत काढून घेतात. नांत शहराच्या आसपास मात्र अख्खा हिवाळा तिला हलवत नाहीत आणि मार्च लागला की थेट साक्यावरूनच बाटलीत भरतात. त्याआधी भरली तर ‘सुर ली’ छापायला नियमाने बंदी आहे.

तोवर त्या पेशी हळूहळू फुटतात, त्यांच्यातली प्रथिनं उतरतात आणि पाणचट वाइनला अंग येतं. साका ऑक्सिजनही शोषून घेतो, त्यामुळे ताजेपणा टिकतो. वाइन ढवळली-उपसलेली नसल्यामुळे आंबतानाचा कार्बन डायऑक्साइड थोडा आतच राहतो. पहिल्या घोटाला जिभेच्या टोकावर चुरचुरतं ते त्यामुळेच. अर्थात साका घाण असेल तर नासक्या अंड्याचा वास सुटतो. म्हणून रस आंबवण्याआधीच नीट निवळून घेतात.

तिथल्या जुन्या वाइनघरांत टाक्या शोधूनही दिसत नाहीत. त्या जमिनीखाली असतात, आतून काचेच्या फरश्या लावलेल्या, आणि आपण उभे असतो त्यांच्या झाकणांवर. झाकण उघडून वर काढलेली कोवळी वाइन गढूळ असते आणि फुगत ठेवलेल्या पावाच्या कणकेसारखी वास देते.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण द्राक्षच अबोल आहे. मेलों द बुर्गोन्य हे मूळचं बर्गंडीचं. १७०९ च्या भयंकर हिवाळ्यात नांतकडच्या वेली गारठून मेल्या, तेव्हा थंडीत तगणारं म्हणून हे सर्रास लावलं गेलं. डच व्यापाऱ्यांना ब्रँडी गाळायला स्वस्त पांढरी वाइन हवीच होती. तिला सुगंध नाही, याचं त्यांना काय सुतक! कडाक्याच्या हिवाळ्यात तगणारी ही वेल लवकर फुटते आणि एप्रिलमध्ये दंव गोठलं की मार खाते, हा भाग वेगळा. १९९१ चा एप्रिल तिथले लोक अजून विसरलेले नाहीत.

गोर्ज आणि क्लिसों या गावांच्या नावाने विकली जाणारी मस्काडे तर किमान २४ महिने साक्यावर असते. २०११ मध्ये या गावांना वेगळी मान्यता मिळाली. गंमत अशी, की एवढा काळ ठेवल्याने ती ‘सुर ली’च्या मुदतीबाहेर जाते आणि तिच्यावर तो शिक्का मारता येत नाही! मस्काडे स्वस्तातली, म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी गोर्जचीच बाटली उघडून देतो.

आता ताट. ब्रिटनीच्या किनाऱ्यावर कच्ची कालवं आणि मस्काडे ही ठरलेली जोडी, कारण वाइनचा आंबटपणा लिंबाचं काम करतो. रेड वाइन तिथे घात करते. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिलं, की समुद्री खाण्यानंतर तोंडात राहणारी हिवस चव रेड वाइनमधल्या लोहामुळे वाढते. नांतचा दुसरा मेळ म्हणजे नदीतला मासा आणि ब्यर ब्लां: बारीक कांदे, व्हिनेगर, मस्काडे आणि भरपूर लोणी. क्लेमांस लफव्र या स्वयंपाकिणीकडून बेअर्नेज सॉस करताना अंड्याचे बलक घालायचे राहिले आणि हा सॉस जन्मला, असं सांगतात. खरं-खोटं नांतकर जाणोत. चव मात्र खरी आहे.

राहिली रत्नागिरीची कालवं. तिखट मसाल्यात परतलेल्या सुक्याबरोबर मस्काडेचा पत्ताही लागणार नाही. लसूण, मीठ आणि ओल्या खोबऱ्यावर शिजवलेली असतील, तर जरूर उघडा. बाटली मात्र अगदी बर्फगार करू नका. दहा अंशांच्या आसपास पुरे. सान्सेर पुढच्या आठवड्यात, नक्की.